कोकणातून जॅझ शिकायला: कॉलेज कसं निवडावं

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काही घरांतून मला हमखास फोन येतात. मुलगा गिटार चांगली वाजवतो, मुलीचा कीबोर्डवर हात बसलाय, त्यांना जॅझ शिकायचंय, कुठलं कॉलेज चांगलं? बहुतेकांच्या डोक्यात एकच नाव पक्कं असतं, बॉस्टनचं बर्कली. काहींना तेही ठाऊक नसतं, फक्त मोबाइलवर ऐकलेला सॅक्सोफोन कानातून जात नसतो. दोघांनाही माझं सांगणं एकच: जॅझ एकट्याने शिकता येत नाही. चार वर्षं तुम्ही कोणाच्या शेजारी उभं राहून वाजवणार आहात, ते बघून कॉलेज निवडा. फी, शहर, पदवी, कॉलेजचं नाव हे सगळं त्याच्याभोवती मांडायचं.

डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रात्र रात्र बसलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. समोरचा बुवा तयारीचा असला की आपल्या बुवाला त्या रात्री काय काय सुचत जातं, आणि पखवाजवाला कच्चा असला तर कितीही गळ्याचा बुवा असो, बारी उभी राहत नाही. जॅझमध्येही ऐनवेळी सुचलेलं खरं आणि साथीशिवाय सगळं व्यर्थ.

आधी नेमकं काय हवंय ते ठरवा

संगीताच्या कॉलेजांची माहितीपत्रकं वाचलीत तर ‘कंटेम्पररी म्युझिक’ हे शब्द जागोजागी दिसतील. त्यात पॉप, रॉक, फिल्मी संगीत, म्युझिक प्रॉडक्शन आणि थोडं जॅझ असं सगळं एकत्र असतं. वाईट काही नाही, पण तो जॅझचा अभ्यासक्रम नव्हे. पहिल्या वर्षाची विषयांची यादी मागवून घ्या. त्यात आठवड्याला किती तास समूहवादन आहे, इम्प्रोव्हायझेशन (ऐनवेळी सुचेल ते वाजवणं) हा वेगळा विषय आहे की नाही आणि जॅझचा इतिहास व अरेंजिंग (वाद्यांत रचना वाटून देणं) कितव्या सत्राला येतं, एवढं पाहिलंत तरी कॉलेजचा कल कळतो.

स्वतःचा कलही तपासा. रोज तासभर जॅझ ऐकल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही का? लेस्टर यंग आणि चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकांच्या वाजवण्यातला फरक डोळे मिटून ओळखू येतो का? की तुम्हाला ‘भारी कॉर्ड’ (एकत्र वाजणारे स्वरसमूह) हव्यात, ज्या स्वतःच्या गाण्यांत वापरता येतील? दुसरं उत्तर असेल तर संगीतरचना किंवा प्रॉडक्शनचा कोर्स जास्त उपयोगी पडेल, खर्चही निम्म्याहून कमी होईल. हा प्रश्न घरात बसून सोडवता येतो, त्यासाठी लाखो रुपये मोजून बॉस्टनला जायची गरज नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. कॉलेजं येण्याच्या कितीतरी आधी जॅझ जन्मलं, वाढलं, जगभर पोचलं. जॅझची पहिली पदवी अमेरिकेत नॉर्थ टेक्सस विद्यापीठात १९४७ साली सुरू झाली. बर्कलीची मूळ शाळा निघाली १९४५ मध्ये. आणि आपल्या मुंबईत १९३५ साली अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, त्याच्या मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्याकडून उचललं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गावच्या चर्चच्या शाळेत त्यांनी लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला शिकून घेतलं होतं, बाकीचं ते रात्री हॉटेलच्या बँडस्टँडवर शिकले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँतोनियो झेव्हियर वाझ त्यांतलेच. सी. रामचंद्रांच्या संगीतात जो स्विंग ऐकू येतो त्यामागे अशा वादकांचे हात आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे जॅझची पदवी नव्हती. मग कॉलेज कशाला? कारण आज रोज रात्री वाजणारे ते बँडस्टँड उरलेले नाहीत. तयारीच्या वीस-तीस वादकांमध्ये रोज उठबस व्हावी अशी जागा म्हणून आता कॉलेजच उरलंय.

आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो. “मास्तरांनू, ह्या शिकान तो पुढे काय करतलो?” याला गोलमाल उत्तर देऊ नये. फक्त क्लबमध्ये जॅझ वाजवून घर चालवणारे वादक भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे शिकवतात, रेकॉर्डिंगला वाजवतात, जाहिरातींना संगीत देतात, लग्नसमारंभात आणि हॉटेलांत वाजवतात. बोटीवरच्या नोकऱ्या आपल्या किनाऱ्याला नव्या नाहीत. क्रूझच्या बोटींवरही बँड असतात, तिथे समोर आलेला कागद पहिल्या झटक्यात वाचून वाजवता आला पाहिजे. जॅझ शिकलेल्याला ते जमतं. इंटरनॅशनल शाळांत संगीतशिक्षक व्हायचं असेल तर मात्र मान्यताप्राप्त पदवी लागते, डिप्लोमा पुरत नाही. म्हणून कुठल्याही कॉलेजला पहिला प्रश्न: तुमच्याकडे मिळतं ते काय, पदवी, डिप्लोमा की नुसतं प्रमाणपत्र, आणि ते कोणत्या विद्यापीठाचं?

दोन वर्षं घरी राहून करायची तयारी

ऑडिशनला जाणाऱ्या मुलांत आपल्याकडची मुलं एका बाबतीत पुढे असतात आणि एका बाबतीत मागे. भजनात, आरत्यांत, शिमग्याच्या ढोलांत वाढलेल्या मुलाची लय पक्की असते. सम कुठे येणार हे त्याच्या अंगातच असतं. अडतं ते हार्मनीत, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळात. आपला कान तंबोऱ्यावर किंवा पेटीच्या एका पट्टीवर तयार झालेला, सा एकदा लावला की रात्रभर हलत नाही. जॅझमध्ये प्रत्येक कॉर्डबरोबर स्वरांची नाती बदलतात आणि एकाच गाण्यात सा दोन-तीनदा घर बदलतो. त्यामुळे स्केल तोंडपाठ असूनही मूल कॉर्ड बदलताना हरवतं.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. रेकॉर्ड लावा आणि मधला सोलो सोडून फक्त बासची (खर्जातल्या स्वरांची) ओळ गुणगुणा. आधी बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा) ब्लूज घ्या, त्याचं एक आवर्तन बासच्या ओळीसकट पाठ झालं की तेच दुसऱ्या पट्टीत म्हणा. मग त्यावर प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर गा. हे दोन स्वर कानाला सापडले की कॉर्डचा चेहरा ओळखू येतो. पुढची पायरी टू-फाइव्ह-वन (पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड) या कॉर्डमालिकेची. जॅझमधली असंख्य गाणी याच वळणाने जातात, ती बाराही पट्ट्यांत हाताखाली हवी. आणि आठवड्याला एखाद्या जुन्या सोलोचं एक आवर्तन कानाने उतरवून घ्या, आधी गळ्याने, मग वाद्यावर, शेवटी कागदावर. इंटरनेटवर तयार लिहिलेलं मिळतं ते बघून वाजवलं तर बोटं तयार होतात, कान नाही. ऑडिशनला परीक्षक कानच तपासतो.

वाद्य कोणतंही असो, कीबोर्डवर साध्या कॉर्ड वाजवता यायलाच हव्यात. घरात पेटी असते, त्यावर सुरुवात करायला काहीच हरकत नाही, पण डावा हात भात्यात अडकलेला असल्याने लवकरच साधा का होईना कीबोर्ड लागतो.

स्टाफ नोटेशनचं वाचन हा आपल्याकडचा दुसरा कच्चा दुवा. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा यासाठी बऱ्या, कारण तारीख ठरली की अभ्यास होतो. एबीआरएसएममध्ये पियानो, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट अशा काही वाद्यांसाठी पहिल्या ते पाचव्या ग्रेडपर्यंत जॅझची वेगळी परीक्षाही असते. थिअरीची पाचवी ग्रेड झालेल्या मुलाला कॉलेजच्या पहिल्या वर्षाची भीती राहत नाही. जॅझची कॉलेजं ग्रेडच्या प्रमाणपत्रांना फार किंमत देत नाहीत, ती तुमचं वाजवणं ऐकतात. तेव्हा परीक्षा शिस्तीपुरत्या द्या, आठव्या ग्रेडच्या मागे धावत दोन वर्षं घालवू नका.

शिक्षक कुठे मिळणार? सिंधुदुर्गवाल्यांनी सरळ गोव्याकडे बघावं. सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर, शनिवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कांपालला कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. तिथलं शिक्षण मुख्यतः क्लासिकल वळणाचं, पण वाचन आणि हाताची बैठक तिथे पक्की होते. जॅझसाठी खाजगी शिक्षक शोधावे लागतात. त्यासाठी पर्यटनाच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, जिथे लाइव्ह बँड असतो तिथे जाऊन ऐका आणि कार्यक्रम संपल्यावर वादकाला भेटा. गोव्यातले जुने वादक मनापासून शिकणाऱ्याला सहसा परत पाठवत नाहीत. रत्नागिरी-चिपळूणकडच्यांना मुंबई आणि गोवा दोन्ही लांब पडतात, त्यांनी आठवड्याला एक ऑनलाइन तास आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष असं जमवावं. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा ऑनलाइन शिक्षकाला जून ते सप्टेंबर तासांची अदलाबदल करावी लागेल हे आधीच सांगून ठेवा.

यादी: जवळचं, देशातलं, परदेशातलं

भारतात जॅझला जवळ जाणाऱ्या संस्था मोजक्या. मुंबईत २०१३ पासून ट्रू स्कूल ऑफ म्युझिक, दिल्ली परिसरात ग्लोबल म्युझिक इन्स्टिट्यूट, तामिळनाडूत २०१० साली सुरू झालेली स्वर्णभूमी अकादमी, चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये काढलेलं के. एम. म्युझिक कन्झर्व्हेटरी. शेवटच्या ठिकाणी जोर पाश्चात्त्य क्लासिकल, हिंदुस्तानी आणि संगीत तंत्रज्ञानावर आहे. बाकी ठिकाणी समकालीन संगीताच्या चौकटीत जॅझची हार्मनी आणि समूहवादन शिकवतात. या संस्थांचे अभ्यासक्रम आणि करार बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षी शिकलेल्या विद्यार्थ्याने सांगितलेलंही ताजं करून घ्या. काही संस्थांचे परदेशी कॉलेजांशी संबंध असतात आणि इथे केलेल्या विषयांचे क्रेडिट तिथे धरले जातात. नेमके किती क्रेडिट, कोणत्या विषयांचे, हे लेखी मागा.

अमेरिकेत पर्याय भरपूर. बर्कली मोठं आहे, हजारो विद्यार्थी, जगभरातून आलेले. त्याच शहरातलं न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरी आकाराने कितीतरी लहान. तिथे गुंथर शुलर यांनी १९६९ मध्ये जॅझ विभाग सुरू केला. न्यू यॉर्कमध्ये न्यू स्कूलचा जॅझ विभाग १९८६ चा, ज्युलियर्डचा २००१ चा, आणि मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक. नॉर्थ टेक्सस बिग बँडसाठी (पंधरा-वीस वादकांच्या मोठ्या ताफ्यासाठी) नावाजलेलं, शिवाय सरकारी विद्यापीठ असल्याने आणि टेक्ससमध्ये राहणं तुलनेने स्वस्त असल्याने खर्च खाजगी कॉलेजांपेक्षा कमी पडतो.

आपल्याकडचे पालक युरोपचा विचारच करत नाहीत, मला ते पटत नाही. ऑस्ट्रियात ग्राझला जॅझची संस्था १९६५ पासून आहे. ॲमस्टरडॅम, हेग, बर्लिन, बासेल इथे उत्तम विभाग आहेत. बासेलला तर २०१४ मध्ये फक्त जॅझसाठी नवी इमारतच उभी राहिली. रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये जॅझबरोबर हिंदुस्तानी संगीताचाही विभाग उभा राहिला आणि पंडित हरिप्रसाद चौरसियांनी अनेक वर्षं त्याचं नेतृत्व केलं. बासरी किंवा तबला येणाऱ्या मुलाने असं ठिकाण जरूर बघावं.

यादीत सहा-सातपेक्षा जास्त कॉलेजं नकोत. प्रत्येक अर्जाला शुल्क असतं आणि प्रत्येकाच्या ऑडिशनच्या अटी वेगळ्या.

कॉलेज पारखायचं कसं

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ शोधा. माजी विद्यार्थी कितीही नामवंत असोत, त्यांचे नकोत. आत्ता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांचे हवेत. असा एखादा व्हिडिओ मिळाला की सुरुवातीची दोन मिनिटं आवाज बंद करून बघा. पोरं एकमेकांकडे बघतायत की समोरच्या कागदात डोकं घालून उभी आहेत? सॅक्सोफोनवाल्याचा सोलो संपत आला की पुढे कोण वाजवणार हे नजरेने ठरतंय का? आता आवाज लावा. बासचा सोलो सुरू झाला की ड्रमर हात हलका करतो का, पियानोवाला कॉर्ड कमी करून जागा देतो का, की जो तो आपलंच वाजवत राहतो? सोलो सरस नसला तरी चालेल, वय लहान आहे. पण एकमेकांचं ऐकणं दिसत नसेल तर तिथे ते शिकवलं जात नाही असं समजा. एका कॉलेजचे असे चार-पाच व्हिडिओ पाहिले की चित्र स्पष्ट होतं.

त्यानंतर तुमच्या वाद्याचा शिक्षक. भिंतीवर ज्यांचे फोटो असतात ते मोठे कलाकार कित्येकदा सत्रातून एकदा कार्यशाळेपुरते येतात. तुम्हाला दर आठवड्याला समोरासमोर तास कोण देणार, किती मिनिटं देणार, हे विचारा. आठवड्याला एक पूर्ण तास वैयक्तिक शिकवणी ही रास्त अपेक्षा आहे. त्या शिक्षकाचं वाजवणं ऐका. जमलं तर पत्र लिहून एका ऑनलाइन तासाची विनंती करा, पैसे देऊन. बरेच शिक्षक देतात. त्या तासाभरात तुम्हाला जेवढं कळेल तेवढं दहा माहितीपत्रकं वाचून कळणार नाही.

आता सहसा कोणी विचारत नाही ते. विभागात ड्रमर आणि बासवादक किती आहेत? गिटारवाले आणि गाणारे सगळीकडे ढिगाने असतात, बास आणि ड्रम्सची सगळीकडे टंचाई. चाळीस गिटारवाल्यांमागे तीन बासवादक असतील तर पहिल्या वर्षाच्या गिटारवाल्याला कॉम्बोत, म्हणजे चार-सहा जणांच्या छोट्या बँडमध्ये, जागा मिळणार नाही, तो रेकॉर्डेड ट्रॅकवरच सराव करत बसेल. ते तर घरीही होतं. म्हणून ईमेल करताना हे स्पष्ट लिहा: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला किमान एका कॉम्बोत जागा नक्की मिळते का, आठवड्याला किती तास, आणि त्या कॉम्बोला शिकवायला शिक्षक असतो का. उत्तर गोल गोल आलं तर तेच उत्तर समजा. ज्या मुलांना अजून वाद्य बदलण्याची मुभा आहे, त्यांना मी मनापासून बासकडे वळा असं सुचवतो. पखवाजाची समज असलेल्या मुलाला बास चटकन उमगतो, आणि चांगल्या बासवादकाला सगळीकडे बोलावणं असतं.

सरावाच्या खोल्या रात्री किती वाजेपर्यंत उघड्या असतात, तेही विचारा. भाड्याच्या खोलीत ट्रम्पेट वाजवू देणारा घरमालक कुठेच मिळत नाही. शहरात जॅम सेशन होतात का, विद्यार्थ्यांना तिथे वाजवू देतात का, ते विचारा. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आणखी दोन प्रश्न संकोच न करता विचारावे: वाद्य शिकवणाऱ्या स्त्रिया विभागात किती आहेत, आणि रात्री उशिरा कार्यक्रम संपल्यावर वसतिगृहावर परत जाण्याची सोय काय. जॅझच्या वर्गांत वाद्य वाजवणाऱ्या मुली अजूनही कमी दिसतात. ज्या विभागाने याचा विचार केलाय तिथे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात.

शेवटी दोन आजी विद्यार्थ्यांशी बोला, त्यांतला एक शक्यतो भारतीय. कॉलेज आवडतं का असं विचारू नका, आवडतं असंच सांगतील. गेल्या आठवड्यात तू कोणाकोणाबरोबर आणि किती वेळ वाजवलंस, एवढंच विचारा.

पैशाचा हिशोब मोकळेपणाने मांडा

बर्कलीची फक्त शिकवणीची फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास आहे, रुपयांत ४० लाखांच्या वर. राहणं, जेवण, विमा, पुस्तकं वेगळी. चार वर्षांचा आकडा काढताना फी दरवर्षी वाढते आणि रुपया घसरतो, दोन्ही धरा. शिष्यवृत्ती मिळते, ती ऑडिशनवरून ठरते, पण बहुतेकांना फीचा काही भागच माफ होतो. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचे वर्षाचे सुमारे १२ हजार युरो व्हिसाच्या आधी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये (ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) जमा दाखवावे लागतात. तरीही अमेरिकेच्या तुलनेत हा खर्च पाव हिश्श्याच्याही आत राहतो. अट एकच, पदवीला बहुधा जर्मन भाषा लागते आणि ऑडिशनला बहुतेक ठिकाणी स्वतः जावं लागतं.

शैक्षणिक कर्जाचं गणित आपल्याकडे एका ठिकाणी हमखास फसतं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत काही बँका जामीनदार मागतात, त्यापुढे बहुधा तारण. पालक म्हणतात, आमची कलमं आहेत ना, एवढी मोठी बाग आहे. पण कर्ज बुडालं तर ज्या सरफेसी कायद्याने बँक तारण ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे हापूसची कितीही नामी बाग असली तरी बहुतेक बँका ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. बिनशेती प्लॉट, घर, फ्लॅट किंवा मुदतठेव लागते. त्यातही कोकणातला सातबारा म्हणजे आजोबांच्या काळापासूनची सामाईक नावं, अर्धे मुंबईला, एक-दोघे मयत, वारसनोंद झालेली नाही. तारण देणार ती मालमत्ता एकाच्या नावावर करून घ्यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मूल अकरावीत असतानाच तलाठ्याकडे आणि बँकेत चौकशी सुरू करा, ऑडिशन पास झाल्यावर नको. शिवाय तुमचं संगीताचं कॉलेज बँकेच्या मान्य यादीत आहे का, तेही शाखेत लेखी विचारून घ्या.

तिकडे जाऊन वाजवून पैसे कमवीन, या भरवशावर हिशोब बसवू नका. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॉलेजबाहेर काम करता येत नाही. कॉलेजच्या आवारातलं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. परवानगीशिवाय क्लबमध्ये पैसे घेऊन वाजवणं म्हणजे व्हिसा धोक्यात घालणं. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात, संगीताच्या पदवीला ती मिळत नाहीत. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढून त्या एका वर्षात फेडण्याइतकं कमवणं वादकाला शक्य नाही, हे मी कोणत्याही घराला स्पष्ट सांगतो.

त्यामुळे मला स्वतःला एक मधला मार्ग सगळ्यांत बरा वाटतो. भारतातच एक-दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा, मुंबईत राहून रोज वाजवायचं, रेकॉर्डिंगच्या कामांचा अनुभव घ्यायचा, आणि मग तयारीनिशी युरोपात किंवा मोठ्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जायचं. बावीस-तेविसाव्या वर्षी गेलेला विद्यार्थी तिथल्या प्रत्येक दिवसाचा वसूल करतो. पदवी आधीच झाली असेल आणि मास्टर्सला जायचं असेल तर जे. एन. टाटा एन्डोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीचाही विचार करता येतो. ती पदवीधरांसाठी आहे, बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांसाठी नाही.

ऑडिशन आणि पावसाळा

अमेरिकेतल्या अर्जांच्या मुदती साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत संपतात, निकाल मार्च-एप्रिलपर्यंत येतात. जर्मनीत अर्ज बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, प्रवेशपरीक्षा मे ते जुलैत, वर्ग ऑक्टोबरपासून. अमेरिकेची बरीच कॉलेजं आधी व्हिडिओ मागवतात आणि त्यातून निवडलेल्यांनाच पुढे बोलावतात.

म्हणजे व्हिडिओ नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवा. कोकणात जून ते सप्टेंबर घरी रेकॉर्डिंग होत नाही हे गृहीतच धरा. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की बाकी काही ऐकू येत नाही, आणि पाऊस थांबला की बेडूक सुरू होतात. पावसाळा पाठांतराला ठेवा. दसरा झाला की रेकॉर्डिंगला बसा. खोली निवडताना मातीच्या किंवा लाकडी भिंतींची, गाद्या-गोधड्या असलेली माजघराची खोली हॉलपेक्षा चांगली, हॉलमध्ये फरशीमुळे आवाज घुमतो. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल विमान मोडवर. कॅमेऱ्यात हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत, आणि एक गाणं म्हणजे एक सलग टेक, मधे जोड नको. परीक्षकाला जोड लगेच कळतो.

काय वाजवायचं, याच्या अटी प्रत्येक कॉलेजच्या पानावर दिलेल्या असतात, त्या अक्षरशः पाळा. साधारणपणे एक ब्लूज, एक मध्यम लयीचं स्विंग, एक संथ बॅलड आणि एक द्रुत लयीची रचना मागतात. काही ठिकाणी प्रत्यक्ष रिदम सेक्शन (बास, ड्रम्स यांची साथ) हवाच असतो, काही ठिकाणी रेकॉर्डेड ट्रॅक चालतो, काही ठिकाणी निव्वळ एकट्याने वाजवलेलं मागतात. प्रत्यक्ष साथ हवी असेल तर मडगाव-पणजी किंवा मुंबईत बास आणि ड्रम्सवाले अर्ध्या दिवसासाठी ठरवा, आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी एक तालीम ठेवाच. अनोळखी साथीदारांबरोबर पहिल्याच टेकला कोणाचंच बरं वाजत नाही.

सोलो लांबवू नका. दोन आवर्तनं पुरे. पहिल्यात मूळ चालीच्या आसपास राहून बोला, दुसऱ्यात मोकळे व्हा. वेगाने वाजवणारी मुलं परीक्षकाने शेकड्यांनी ऐकलेली असतात. चांगली लय, स्वच्छ स्वर आणि कॉर्डबरोबर चालणारी ओळ एवढं ऐकू आलं की तो पुढचा व्हिडिओ लावण्याआधी थांबतो.

पुढच्या फेरीत परीक्षक एक ओळ वाजवून तुम्हाला परत वाजवायला सांगतो, दोन स्वरांमधलं अंतर ओळखायला सांगतो, समोर न पाहिलेला कागद ठेवतो. बर्कलीत ऑडिशनला जोडून मुलाखतही असते. कोणाला ऐकता, गेल्या वर्षात काय नवीन शिकलात, असे प्रश्न येतात. इथे गावच्या भजनी मंडळात वाजवत होतो, दशावताराच्या रात्री हार्मोनियमला बसत होतो, हे लपवून ठेवणारी मुलं मी पाहिलीत. कशाला लपवायचं? समोरच्याचं ऐकून ऐनवेळी उत्तर द्यायची सवय तिथेच लागलेली असते. सरळ सांगा, आणि वाजवून दाखवा म्हटलं तर वाजवून दाखवा.

मुलाखत आणि ऑडिशन ऑनलाइन असेल तर त्या दिवशी वीज आणि नेटसाठी कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी अशा मोठ्या गावात कोणाकडे तरी जाऊन बसा. वेळेच्या फरकामुळे ती रात्री असू शकते.

कागदपत्रं, आणि उत्तर आल्यावर

पासपोर्ट आजच काढा. पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि बारावीची गुणपत्रिका यांवरचं नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच असल्याची खात्री करा. आपल्याकडे वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे आद्याक्षर, असा घोळ नेहमी असतो. इंग्रजीची परीक्षा बारावीच्या सुट्टीत देऊन टाका. जर्मनीला जायचं असेल तर भाषेला दीड वर्ष हाताशी ठेवा.

दोन-तीन ठिकाणांहून होकार आले तर अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं, अनामत रक्कम भरून. ती बहुधा परत मिळत नाही. भरण्याआधी शिष्यवृत्ती वाढवून मिळेल का, असं नम्रपणे विचारा. दुसऱ्या कॉलेजने दिलेला आकडा सोबत जोडलेला असेल तर काही कॉलेजं विचार करतात. पैशांचं जमत नसेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का तेही विचारा. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी तशीच राहील का, हे मात्र लेखी घ्या.

आणि वाद्य. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत गिटारच्या तारा महिन्याभरात गंजतात, सॅक्सोफोनचे पॅड फुगतात. त्यासाठी वाजवून झालं की पुसणं, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि वाद्य माळ्यावर न टाकणं एवढं आपण करतो. बॉस्टनच्या किंवा बर्लिनच्या हिवाळ्यात उलटं होतं. हीटर लावलेल्या खोलीत हवा इतकी कोरडी होते की आपल्या दमट हवेत वाढलेलं लाकूड आकसतं, फ्रेट बाजूने बाहेर येतात, गिटारच्या पोटाला तडा जातो. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात केसमध्ये ठेवायचं छोटं आर्द्रतामापक आणि ह्युमिडिफायर विकत घ्या, आणि विमानात चढण्याआधी तारा थोड्या सैल करा. सिलिका जेलच्या पुड्या केसमधून काढून घरीच ठेवून जा.